बारा अंडी आणि वर एक

“बघा, तुमच्या ऑफिसच्या बोर्डाची करणी!” म्हणत सोनक्काने टोपलीवरचं फडकं उचललं. टोपली अंड्यांनी काठोकाठ भरली होती. मागे दुसरी होती, तीही तशीच.

मी एक अंडं अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन टॉर्चवर धरलं. याला कँडलिंग म्हणतात. अंड्याच्या टोकाशी हवेची पोकळी दिसते. ती जेवढी मोठी, तेवढं अंडं शिळं. ही चांगलीच मोठी होती. वर मे महिना.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी बेंगळुरात हेब्बाळच्या सरकारी पोल्ट्री ऑफिसात डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना कोंबड्या पाळायला शिकवायचं. सोनक्का मल्लेश्वरमची, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेली मराठी. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. सरकारी स्कीममधून तिला लेगहॉर्न, म्हणजे विलायती जातीच्या, कोंबड्या दिल्या होत्या. विक्री जमली तर कोंबड्या तिच्या, नाही तर परत हेब्बाळला. आणि सोनक्काची रवानगी कोलारला, दिराच्या घरी.

“तिथे जन्मभर भाकऱ्या थापायच्या, आणि वर उपकार ऐकायचे,” ती म्हणाली. “त्यापेक्षा या कोंबड्यांची घाण काढलेली बरी.”

रेट आमच्या बापटसाहेबांनी काढला होता. साहेब पुण्याचे. माणूस सरळ, पण बोलणं सुपारी फोडल्यासारखं. सोनक्का आधी गावठी कोंबड्यांची अंडी विकायची, मनाला येईल त्या भावाने. गावठी कोंबडी उकिरड्यावर पोट भरते. लेगहॉर्नला मात्र विकतचं फीड लागतं. साहेबांनी फीड, औषध, फुटतूट, सगळं धरून डझनाचा रेट ठरवला. अगदी वाजवी, बाजारापेक्षा कमीच. आणि स्वतःच्या हाताने बोर्ड रंगवून दिला, मराठीत आणि कन्नडमध्ये: ‘एकच भाव. घासाघीस नाही.’

मग अडलं कुठे? मी सकाळभर सोनक्काच्या परसात बसून राहिले.

शेजारची एक बाई आली. तिने बारा अंडी मोजून पिशवीत ठेवली, पैसे दिले आणि तळहात पुढे करून उभी राहिली. सोनक्काने बोर्डाकडे बोट दाखवलं.

“कोसरू नाही?”

“नाही हो, अक्का. ऑफिसची ऑर्डर.”

“मग सरी, राहू दे,” म्हणून बाईने अंडी एकेक करून टोपलीत परत ठेवली, पैसे उचलले आणि चालती झाली.

कोसरू म्हणजे मापाच्या वर हातावर ठेवलेलं थोडंसं. बेंगळुरात भाजीवाली मिरच्या देते, फुलवाली वीतभर गजरा जास्त देते. त्याशिवाय सौदा पुरा होतच नाही. हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? मीच सांगितलं.

“म्हणजे डिस्काउंट?” साहेबांनी विचारलं.

“नाही सर. कोसरू.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही नाही सर. द्यायचं असतं.”

“शिंदेबाई, हे सरकारी ऑफिस आहे, हळदीकुंकू नव्हे. शनिवारी इन्स्पेक्शनला येतो. विक्री नसेल तर कोंबड्या उचलू.”

शनिवारी साहेब आले. खुराडं बघितलं, टोपल्या बघितल्या. मग त्यांनी घरासाठी डझनभर अंडी मागितली आणि बोर्डावरच्या रेटने पैसे मोजले. फुकट घेणाऱ्यातले ते नव्हतेच.

सोनक्काने पैसे कनवटीला लावले आणि सवयीने एक अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“हे काय?”

“कोसरू, साहेब.”

त्यांनी खिशात हात घातला. सोनक्काने दोन्ही हात पाठीमागे नेले. “अय्यो! कोसरूचे पैसे घेतले तर गल्ली माझ्या तोंडात शेण घालील!”

साहेब अंडं घेऊन उभेच. परत ठेवावं तर ती घेईना, बाकीच्या अंड्यांची पिशवी तर ड्रायव्हर जीपमध्ये घेऊन गेलेला. शेवटी तसेच येऊन बसले. हेब्बाळपर्यंत ते अंडं त्यांच्या मुठीत होतं. खड्डा आला की दुसरा हात वरून धरायचे. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं.

तलाव दिसायला लागला तेव्हा ते बोलले.

“शिंदेबाई, बेंगळुरात डझन म्हणजे किती?”

“बारा, सर.”

“तेरा. रेट पुन्हा काढा. तेराव्याची किंमत बारांत वाटा. आणि तो बोर्ड उतरवा.”

भाव वाढला आणि टोपल्या रिकाम्या झाल्या. तीच बाई जास्त पैसे देऊन बारा न्यायची, वरचं एक हातावर घ्यायची आणि हसत जायची. कोंबड्या राहिल्या. सोनक्काही राहिली, शेवटपर्यंत, स्वतःच्या घरात.

पुढे मी बरेच साहेब पाहिले. स्वतः रंगवलेला बोर्ड उतरवणारा तो एकच. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. सोनक्काचे तर नाहीच. ती असेपर्यंत मी अंडी तिच्याकडूनच घेतली.

किंमत ठरवताना फीड धरावं, औषध धरावं, फुटतूट धरावी. आणि गिऱ्हाइकाचा पुढे आलेला हातही धरावा.