मागं-पुढं मॅडम

मागं-पुढं मॅडम आमच्या दुकानात पहिला आठवडाभर कॉम्प्युटरला हातही न लावता बसून होत्या. पुंडलिकनगरात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स ब्राउझरमध्येच जुळवता यावा म्हणून मुलानं जावास्क्रिप्टमध्ये एक सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. पण केलेला बदल मागं घेण्याची सोय त्यात नव्हती. ती करायला या बाई पैठणहून एस.टी.नं यायच्या आणि गिऱ्हाइकांच्या मागं खुर्ची टाकून नुसत्या ऐकत राहायच्या.

"मॅडम, काम कधी सुरू करायचं?" मी विचारलं.

"सुरूच हाय की काका. लोक काय परत मागतात, ते बघतेय."

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांपैकी कुणाचं नाव वर, यावरून आमच्याकडे रोज भांडण. "याचं नाव माझ्या वर? लई मोठा झाला का?" म्हणून नाव खाली जातं आणि चहा येईपर्यंत, "राहू द्या, आधीचंच बरं होतं."

मॅडमनी दोन बाण बसवले, एक मागं जायचा, एक पुन्हा पुढं यायचा. त्यांचं नाव त्यावरूनच पडलं. फोटो ओढताना पडद्यावर तो शंभर जागी सरकतो, पण मॅडमच्या बाणानं तो एका दमात मूळ जागी जाई. "हात शंभरदा हलतो काका, माणसानं ठरवलेलं एकदाच असतं," त्या म्हणत.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. मागं जाऊन काही नवीन केलं, की पुढचे सगळे बदल पुसले जात, पुढच्या बाणानंही परत येत नसत. सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये तसं असतं म्हणे. "पण तुमच्या गिऱ्हाइकाला ते चालायचं नाय. पुसण्याऐवजी बाजूला ठेवू. थोडे दिवस द्या."

"नको, सीझन आलाय. चालू करून टाका," मी म्हणालो.

पुढं एका मंडळाचे अध्यक्ष सकाळपासून बसून नावांचा क्रम लावून घेत होते. शेवटी म्हणाले, "पहिलं कसं होतं, दाखवा जरा." मी माऊस घेतला आणि पहिल्या मांडणीपर्यंत मागं गेलो. तिथं ज्यांचा वाढदिवस होता त्या भाऊंचा फोटो वाकडा दिसला, तो सवयीनं सरळ केला. मग पुढचा बाण दाबला, तर काहीच होईना.

"काय राव, नावं कुठं गेली?" अध्यक्ष ओरडले.

दुकानात शहरातले दोन-तीन छपाईवाले बसले होते. मॅडमकडून हीच सोय त्यांनाही करून घ्यायची होती. मॅडम मागच्या खुर्चीवर होत्या. मी त्यांच्याकडे बोट केलं. "यांच्या बटणानं खाल्ली."

मॅडमनी वाद घातला नाही. "सांगा दादा, पहिलं नाव कुणाचं?" म्हणत सगळी नावं पुन्हा बसवून दिली. नंतर पुसलेलं बाजूला ठेवण्याची सोयही करून दिली. ती आम्ही आजही वापरतो. पण छपाईवाल्यांनी त्यांना काम दिलं नाही. "ती बाई केलेलं काम खाते," असं शहरभर झालं आणि त्या पुण्याला निघून गेल्या.

त्या छपाईवाल्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

परवा त्यांना फोन केला. म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी फोटो मी हलवला होता."

"माहितंय काका. मी मागंच बसले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं दुकान, तुमचं गिऱ्हाईक. वाटलं, अध्यक्ष गेले की त्या छपाईवाल्यांना तुम्हीच सांगाल. दुकान बंद होईपर्यंत थांबले होते मी."