राखणदाराला नोटीस

जर्मनीत कायद्यावर मनापासून जीव टाकणारा माणूस एकच आहे, आणि तो देवगडचा आहे. तो म्हणजे माझे साडू. मीही राहतो त्या बाल्टिक समुद्राकाठच्या गावात ते जहाजांच्या इंजिनांचं काम करतात. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्यापाशी थांबतात आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे संशयाने पाहतात. रविवारी आवाज करायचा नाही, हा तिथला नियम; म्हणून माझी मेहुणी वेलदोडे शनिवारीच कुटून ठेवते.

दोन हजार सहा-सातच्या हिवाळ्यात त्यांना बागेतलं जुनं, पोकळ बीचचं झाड तोडायचं होतं. त्यांच्या आईचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. झाडाच्या जागी खाली एक खोली झाली की आई देवगडहून राहायला येणार होत्या. नगरपालिकेची परवानगीही आली. पण राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लावतील तर ते साडू कसले! डिसेंबरअखेर भर बर्फात नारळ ठेवून त्यांनी हात जोडले. "बा राखणदारा, या झाडात तू नि तुझा गोतावळा जे कोण राहत असाल, त्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड करावं." आम्ही कुडकुडत "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग त्यांनी शांतपणे जोडलं, "मार्चअखेरपर्यंत."

"मार्च कशाला?" मी विचारलं.

"आल्झो, म्हणजे असं की, भाडेकरूला तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. इथला कायदा आहे."

"भुतांनाही?"

"अपवाद कुठे लिहिलेला नाही. मी पाहिलंय."

फेब्रुवारीत लाकूडतोड्या करवत घेऊन आला, तेव्हा मुदत संपायची होती. साडूंनी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. मुदत संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पक्ष्यांसाठी मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत झाडं तोडायला बंदी असते. कायदे पाठ असलेला हा माणूस दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडला.

त्यात एप्रिलमध्ये लाल चोचीची एक बदकीण ढोलीत शिरली. थंडीभर समुद्रावर राहून अंडी मात्र झाडात घालणारी ही जात. साडू चिडतील असं मला वाटलं होतं. ते तिला "बाई" म्हणू लागले. शिट्टीचा बाईंना त्रास नको म्हणून कुकर तळघरात गेला. पिल्लं ढोलीतून थेट खाली उड्या टाकतात असं कळल्यावर त्यांनी झाडाखाली गोधड्या अंथरल्या. पिल्लं गोधड्या सोडून नेमकी चिखलात पडली, आणि साडू पिवळं जाकीट घालून, रस्ता अडवून त्या वरातीला समुद्रापर्यंत पोचवून आले. हॉर्न वाजवणाऱ्या बसचालकाला त्यांनी कलम ऐकवलं.

ऑक्टोबरात लाकूडतोड्याचा पुन्हा फोन आला. तोवर साडूंनी आणखी एक कलम शोधलं होतं: दरवर्षी वापरात येणारी ढोली हिवाळ्यातही मोडता येत नाही. त्यांना हे कोणीही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी आईला फोन लावला. "आई, खोली होत नाही गं." आणि सगळं सांगितलं.

"बाळंतिणीचं घर मोडून मला कशाला हवी खोली?" आई म्हणाल्या. "तूच ये रे इकडे, जमेल तेव्हा."

फोन ठेवून साडू खिडकीशी उभे राहिले.

"आई आली असती तर तिला पिल्लं दाखवली असती," ते म्हणाले.

आई आल्या असत्या तर पिल्लं नसती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.