राखीच्या बापूच्या कानातलं गानं

आमच्या घरच्या मानसाचं बूड कुठं टिकत नाई. खाटेवर बसला तं पाय हालते, पाय थांबला तं बोटं वाजतात, अन् दोन्ही थांबले तं समजावं का आता हा उठून चालला. तांडा त्याले देवसिंग म्हनते. मी नाव घेत नाई, माझ्या तोंडी तो राखीचा बापू.

फुलसावंगी ते पुसद त्यानं काळीपिवळी चालवली, माझे केस काळे होते तवापासून. सवाऱ्या भरल्याबिगर गाडी सुटे नाई. तवर सारे डायवर मिळून बोनेटवर शतरंज मांडत, अन् गाडीतला टेप फुल्ल. खेळ असा रंगात आला, कोनाचा वजीर अडकला, का तिकून क्लीनर बोंबले, "भरली!" का झालं. प्यादी खिशात, डायवर गाडीत, गाडी रस्त्यावर. त्यामुळं ह्या मानसानं अख्ख्या जिंदगीत एक डाव शेवटापर्यंत खेळला नाई. वरून छाती काढून सांगे, "जमने, मले आजवर कोनी मात देली नाई." बाप्पा! मात द्याले मानूस समोर बसावं तं लागते ना!

गाडी विकली, वावरात कपाशी पेरली, पन शतरंजही सुटला नाई अन् गानंही सुटलं नाई. टेप गेला तं मोबाईल आला, कानात वायर आली. गानं बंद केलं का याचं डोकंच बंद. जेवतानी वायर, वावरात डवरतानी वायर. मी पाच हाका मारल्या तं सहाव्या हाकेले "आँ?" म्हनते. मी म्हनलं, तुह्यापरीस बैल बरा, त्याच्या कानात काही खुपसलेलं तं नसते.

खेळाले जोडीदार भेटला दीनानाथबाबू. फुलसावंगीच्या पोस्टातून रिटायर झालेला गरीब मानूस, बामनाचा. दुपारी स्कूटीवर पट घेऊन आमच्या अंगनात येते अन् निंबाखाली बसते. एक चाल कराले इतका वेळ लावते का माझ्या साऱ्या भाकरी होऊन जातात. हा एवढा थंड, तो एवढा चुळबुळ्या. कशी जमली जोडी, देव जाने.

आता राखीच्या लग्नाचं सांगते, कारन सारं घोडं तिथंच अडलं. आमच्या गोरमाटी, म्हंजे बंजारा लोकांत पोरगी सासरी निघाली का ढावलो म्हनते. रडनंच ते, पन सुरात. याडीच्या, म्हंजे मायच्या गळ्यात पडून याडीचा ढावलो, भावाच्या गळ्यात पडून भावाचा, अन् बापाच्या गळ्यात पडून बापाचा. ज्याच्या गळ्यात पडली त्याचं अन् तिचं सारं लहानपन त्यात येते. ते झाल्याबिगर पोरीचा पाय तांड्याबाहेर पडत नाई.

राखी माझ्या गळ्यात पडली. भावाच्या गळ्यात पडली. मंग बापूले हाक मारली तं बापू कुठं? मांडवात नाई, घरात नाई. पोरगी हात पसरून उभी, अन् समोर कोनीच नाई. वरातीतले लोक घाई करून राह्यले. तशीच गेली माय माझी, पदर तोंडात कोंबून.

अन् हा कुठं सापडला? तांड्याच्या नायकाच्या गोठ्यामागं. समोर पट, दीनानाथबाबू अन् कानात वायर, गान्याचा आवाज इतका मोठा का मले दोन हातावरून ऐकू आला. मी त्या बाबूले म्हनलं, "तुमाले तं कान होते ना?" तो बिचारा घाबरला. "वहिनी, मला वाटलं बायका लग्नाची गाणी म्हणताहेत. निघायची वेळ झाली हे मला कळलंच नाही." त्याले काय बोलनार? आमचं रडनं त्याले गानं वाटलं, त्यात त्याचा दोष नाई. पन हा तं गोरमाटी! ह्याले तं समजत होतं! मी पट उचलून फेकला. हा प्यादी येचत बसला.

तवापासून राखी घरी आली नाई. दिवाळी गेली, होळी गेली, पुन्हा दिवाळी गेली. बोरी अरबकडच्या तांड्यात दिली तिले, जावई राजदीप सोन्यासारखा. माझ्याशी फोनवर बोलते, बापूचं नाव काढलं का फोन ठेवते. आता तिले सातवा लागला. पयलं बाळंतपन मायच्या घरी होते, हे का सांगाले लागते? पन ती अडून बसली. "बापू स्वतः घ्याले आला तं येईन. नाई तं इथंच."

त्या दिवशी दुपारी राजदीपचा फोन आला. "मामी, आता काय ते सांगा. नाई तं मी परवा दारव्ह्याच्या दवाखान्यात तिचं नाव टाकून देतो."

मी अंगनात गेली. डाव मांडलेला, हा एका कानात वायर घालून बसलेला, गुडघा हालून राह्यला. सारं सांगतलं. मी म्हनलं, "जातं का नाई?" त्यानं एक उंट उचलला, जाग्यावर ठेवला, पुन्हा उचलला. मंग एकदम उठला, मोबाईल वायरीसकट खाटेवर फेकला अन् वावराच्या वाटेनं चालू लागला. आतून पेटली मी. इथं पोरीचा जीव टांगनीले लागला अन् ह्याले गानं पायजे! म्हनलं, पाहू तं खरं, कोनती बया गाते ह्याच्या कानात. वायर उचलून मी कानाले लावली.

माझी राखी होती.

तिचा ढावलो. जावेच्या सोनूनं लग्नात मोबाईलमंदी भरून घेतलता, तोच. माझ्यासाठी रडली ते झालं, भावासाठी रडली ते झालं. मंग तिनं सूर धरला, "बापू…" अन् थांबली. बायांची कुजबुज. कोनी म्हनलं, "देवसिंग कुठं गेला व?" पुन्हा तिची हाक, बारीक, फाटलेली. मंग गाडी चालू झाल्याचा आवाज, अन् संपलं. अन् लगेच पयल्यापासून सुरू.

मी वायर कानातून काढली. दीनानाथबाबू चष्मा पुसत म्हनाले, "वहिनी, लग्न झाल्यापासून दुसरं काही वाजतच नाही त्या कानात. ती बापूला हाक मारते तिथं आलं, की देवसिंग उठतो. कितीही चांगला डाव असो. मी काही बोलत नाही. थांबतो."

राग कुठं गेला माझा, समजलंच नाई. गेला असंही नाई, पन त्याच्यात पानी मिसळलं.

तो परत आला तं वायर माझ्या हातात. त्यानं पाह्यलं अन् मान खाली घातली.

"काहून ऐकतं हे रोज?"

"त्या दिवशी ऐकलं नाई ना." मंग म्हने, "ऐकवलं नसतं, जमने. मी तिथंच फुटलो असतो साऱ्या वरातीसमोर. म्हनून पळालो."

"मंग आता जाय ना तिच्यासमोर!"

"गेलो अन् तिनं तोंड फिरवलं तं?" त्यानं मोबाईल उचलला. "त्यापरीस हा बरा. हा तोंड फिरवत नाई."

जन्मभर पाह्यला हा मानूस, पन एवढा भ्यालेला कधी पाह्यला नव्हता. मले रडू आलं अन् संतापही आला. समजावून तं हा ऐकनार नाई, बसून विचार करनार नाई, याचा सारा जन्मच उठून पळन्यात गेला. मंग मले सुचलं. मी कमरेवर हात ठेवले अन् क्लीनरसारखी बोंबलली, "भरलीऽऽ!"

ताडकन उभा राह्यला! सवय ना. दीनानाथबाबू तोंडाले रुमाल लावून हसले अन् म्हनाले, "जा, देवसिंग. पटाचा फोटो काढून ठेवतो, तू आलास की इथूनच पुढं."

सकाळच्या पयल्या गाडीनं निघालो. वायर मी माझ्या कमरेच्या पिशवीत कोंबली होती. बोरी अरबपर्यंत त्यानं खिडकीची काच एवढी वरखाली केली का मागची बाई भांडाले उठली.

राखी दारातच होती. पोट असं पुढं आलेलं, तोंड सुकलेलं. बापाले पाह्यलं अन् सरळ आत गेली.

माझं काळीज फाटलं. मी आत जाले निघाली तं तिच्या सासूनं माझा हात धरला. हा अंगनात उन्हात उभा. पाय हालाले लागला. हात खिशात गेला, वायर शोधली, नाई भेटली. त्यानं मागं फाटकाकडं पाह्यलं. मी मनात म्हनलं, गेला आता. हा जाईन.

तेवढ्यात आतून सूर आला. "बापू…"

तशीच गात बाहेर आली अन् त्याच्या गळ्यात पडली. काय नाई म्हनलं पोरीनं त्या ढावल्यात! त्याच्या गाडीत पुढच्या शीटवर बसून पुसदले जात होती ते आलं, दोन दिवाळ्या रस्ता पाह्यला ते आलं, मांडवात हात पसरून उभी होती ते तं तीनदा आलं. शिव्याही घातल्या त्याले, सुरातच. सारा तांडा गोळा झाला. अन् हा मानूस, जो एका चालीपुरता बसत नाई, तो हालला नाई. पाय नाई, बोट नाई. नुसतं डोळ्यातून पानी चाललं होतं, अन् ते पुसलंही नाई. तिचं पुरं झालं, तिनं नाक पुसलं, तरी हा तसाच उभा.

"चाल आता," राखी म्हनली. "का उभाच राह्यतं?"

राजदीपनं गाडी आनून दिली. मागं मधात हा बसला, एकीकडं राखी, दुसरीकडं मी. दारव्हा सुटत नाई तं पोरीनं बापाच्या खांद्यावर डोकं टाकलं. दिग्रस गेलं, पुसद आलं, हा तसाच. पाठ ताठ, श्वासही हळू. मी कानात म्हनलं, "पाय मोकळा कर, मुंग्या आल्या असतीन." त्यानं डोळ्यानंच नाई म्हनलं.

पुसदच्या पुढं डायवरले झोप येऊन राह्यली होती वाटते, त्यानं टेप लावला. चांगलं जुनं गानं होतं, ह्याच्याच आवडीचं. मी म्हनलं, आता हा मान डोलावते.

हा पुढं वाकलाही नाई. तिथूनच हळूच म्हनला, "भाऊ, गानं बंद कर. पोरगी झोपली."