घसा विसरला नव्हता

"ण म्हण. जीभ वर लाव. पाणी."

"पानी," मी म्हणाले.

हॉल हसला.

भोपाळमधली आमची कारखान्याची टाउनशिप. मराठी मंडळाचा गणपती, वक्तृत्व स्पर्धा. मी अकरा वर्षांची. परीक्षक पुण्याच्या बाई, बड्या इंजिनियरची बायको. पहिल्याच वाक्याला अडवलं. आठ-नऊ वेळा म्हणायला लावलं. मग शेजारणीला म्हणाल्या, आवाज कमी न करता, "यांच्या तोंडात बसतच नाही तो."

यांच्या. आमची जात टाउनशिपभर माहीत होती. मागे बाबा उभे होते. फिटर, नागपूरहून आलेले. मान खाली.

मी ते विसरले. खरंच विसरले.

त्याच कारखान्यात नोकरीला लागले. तयार मालाची तपासणी. कागदावर माझा ण कधी चुकला नाही. पण मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की तळवे ओले, आवाज गायब. साहेब म्हणत, "मॅडम शर्मीली हैं."

सुलभा माझ्या टेबलाशेजारची. एकदा डबा खाताना म्हणाली, "तू 'कारण' कधीच म्हणत नाहीस गं. मराठीत बोलता बोलता 'क्योंकि' म्हणतेस. 'म्हणून'च्या जागी 'इसलिए'."

"भोपाळची सवय," मी म्हटलं.

"मग आत्ता म्हण की."

"का..." घसा आवळला. घास तसाच तोंडात. आणि तो हॉल, ते हसणं, बाबांची मान, सगळं एकदम अंगावर आलं. वीस वर्षं मी एका अक्षराला चुकवत पळत होते, आणि मलाच पत्ता नव्हता.

त्या रात्री झोप नाही. नंतरही कित्येक दिवस जिवाला थारा नाही.

त्याच वर्षी कारखान्यात मला चोख तपासणीचं बक्षीस मिळालं, म्हणून मंडळानं माझा सत्कार ठेवला. अध्यक्ष त्याच बाई, आता म्हाताऱ्या. माइक देताना हसून म्हणाल्या, "शुद्ध बोल हं."

"मधे थांबवायचं नाही," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. 'पाणी'ला 'पानी' म्हणतच सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

बाई म्हणाल्या, "मला तर काहीच आठवत नाही बाई."

तुम्हाला कशाला आठवेल?

शाल तिथंच खुर्चीवर ठेवली नि निघाले.

भीती गेलेली नाही. सोमवारी मीटिंग आहे. तडा गेलेला एक भाग पास करा, असा वरून दाब आहे. छाती धडधडणार. धडधडू दे. मी उभी राहणार, आणि माझ्या तोंडात बसतं तसंच, सगळ्यांसमोर, नाही म्हणणार.