टीव्हीवर आलेलं पान

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या संस्थेत मी टीबीवरच्या अभ्यासासाठी बायकांच्या मुलाखती घ्यायचे. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ती यादी अभ्यास चालवणाऱ्या मॅडमच्या कपाटात कुलपात असायची. एकदा बाळकुमला मुलाखतींना जायच्या घाईत मी त्या यादीच्या एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी डिलीट करणार होते, विसरले.

रविवारी नणंद कोपरला आमच्याकडे आलेली. ती बाळकुमलाच राहते. आमच्या टीव्हीवर घरच्यांचे फोटो आपोआप फिरत असतात, नवऱ्याने सगळ्यांचे फोन त्याला जोडून ठेवलेत. बारशाचे फोटो गेले आणि पाठोपाठ ते पान आलं, वर ठळक 'टीबी अभ्यास' लिहिलेलं. मला रिमोट सापडेपर्यंत तिने वाचलं होतं.

"अगं, ही आमच्या मजल्यावरची. हिला टीबी झालाय?"

मी विषय बदलला. मग स्वयंपाकघरात नेऊन तिला विनवलं, कोणाला बोलू नका. मी कशाला बोलू, म्हणाली. तरी मला जेवण जाईना. फोटो सगळीकडून काढला, तरी दर तासाला उठून टीव्ही लावून बघत होते.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. अभ्यासात नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या नीतिसमितीला त्या कळवणार होत्या. पानावरच्या प्रत्येकीला मात्र मी स्वतः जाऊन सांगायचं होतं.

नणंदेच्या मजल्यावरची ती बाई आमच्या ऑफिसजवळच्याच कारखान्यात पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर भेटली. मुलीचं लग्न ठरत होतं, म्हणून स्वतःच्या सासरच्यांनाही तिने आजार सांगितला नव्हता. मी बोलत असताना तिने डबा उघडलाच नाही.

"तुम्ही शब्द दिलेला, म्हणून मी बोलले होते," एवढंच म्हणाली.

मी माफी मागितली. औषधं चालू राहतील ना, तिने विचारलं. अभ्यासाशी त्याचा संबंध नाही, हे मी दोनदा सांगितलं. मग तिने तिची माहिती काढून टाकायला लावली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन, आम्ही तिचा फॉर्म फाडत असताना स्वतः उभी राहिली. बाकीच्या बायका अभ्यासात राहिल्या. एक तर मलाच धीर देत होती.

मुलाखतींचं काम माझ्याकडून गेलं. त्या बाईच्या मुलीचं लग्न झालं, हे नणंदेनेच फोनवर सांगितलं. ती आणखी काय सांगते म्हणून मी ऐकत राहिले. ती मेन्यूबद्दल बोलत होती.