गिरजाकाकूची तीन मुसळं

गिरजाकाकूला बेतालपणा अजिबात सोसायचा नाही. ती आणि तिच्या दोन जावा हिंगोलीला आमच्या अंगणात एकाच उखळाभोवती उभ्या राहून हळद कांडायच्या. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं अर्ध्यावर, तिसरीचं वर. दोन मुसळं एकदम पडली की काकू कडाडायची, "संगं पाडता अन् संगंच उचलता! मदी हळद हसून राहिली ना!" त्या कांडणावरच तिघींच्या चुली पेटत.

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या वडिलांच्या डोक्यात हळदीच्या गिरणीने घर केलं. शेजारच्या कापसाच्या जिनात इंजिनावर वीज तयार होई. तिथून तारा ओढायचं ठरलं. मिस्त्री तीन तारा मागत होते आणि वडील हुज्जत घालत होते, "दिवा दोन तारांवर जळतो, मंग मोटारीला तीन काहून?"

"सेठजी," मिस्त्री म्हणाले, "विजेचा जोर एकसारखा न्हाई. चढतो, उतरतो. एकट्या जोरावर मोटार जागच्या जागी गुरगुरते, आपणहून फिरत न्हाई. तीन तारांतले जोर एकामागून एक चढतात. एक उतरला की दुसरा हजर. तेच तिला ढकलत गोल नेतात."

काकूने हात न थांबवता म्हटलं, "यात काय नवल, भाऊ? आमी दुसरं काय करून राहिलो?"

सगळे हसले. वडिलांना ते इतकं पटलं, की त्यांनी तिसऱ्या तारेला तिथेच होकार दिला. काकूही खूश झाली. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

गिरणी सुरू झाली आणि उखळ कोपऱ्यात गेलं. वडिलांनी काकूला दारातूनच सांगितलं, "आता तुमी तकलीफ घेऊ नका." तकलीफ! जणू इतकी वर्षं ती गंमत म्हणून घाम गाळत होती. धाकटी जाऊ डोंगरकडा गावी भावाच्या शेतात राबायला गेली. मधली उपासमारीने खंगली आणि पहिल्याच तापात गेली. काकू एकटीच घरोघर कांडण मागत फिरायची आणि लोक तिला आमच्या गिरणीकडे बोट दाखवायचे.

अठ्ठेचाळीस सालचे दिवस धास्तीचे होते, म्हणून ताईचं लग्न घाईने उरकायचं ठरलं. लग्नाची हळद आमच्यात हातानेच कांडायची. तेव्हा खुद्द गिरणीच्या मालकाने काकूला बोलावणं धाडलं. ती आली. मुसळ उचलून दोन घाव घातले आणि ते उखळाला टेकवून ठेवलं.

"काय झालं, गिरजाबाई?"

"मालक, तुमची मोटार एकट्या जोरावर फिरती का?"

वडिलांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग मला एकटीला काहून बोलावलं?"

ती डोंगरकड्याला जावेकडे निघून गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

ताईला शेवटी गिरणीचीच हळद लागली. वऱ्हाडी मंडळींना वडिलांनी अभिमानाने मोटार दाखवली. "तीन बाया एका उखळात कांडतात ना, बराबर तसं!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्या तीन बाया कोण, हे कोणी विचारलं नाही आणि वडिलांनी सांगितलं नाही.