आंदणातलं लायसन

"आंदण दिलेलं परत न्यायला आलीस व्हय गं आई?"

"कॉम्प्युटर कोण नेतंय? ऱ्हाऊ दे की तुझ्यापाशी. मला त्यातलं फक्त लायसन पायजे."

"म्हंजी जीव काढून नेणार आन कुडी ठेवणार. लय उपकार झालं."

"अंकिता, आवाज खाली. सासूबाई आत हायत."

"ऐकू दे की. त्यांनीच हळदकुकू लावून टेम्पोतनं उतरवून घेतलंय त्याला."

सांगलीच्या त्या दोन खोल्यांत मंगल कोळेकर अजून टेकलीसुद्धा नव्हती. कवठे महांकाळच्या एसटीत नवा सीपीयू घोंगड्यात गुंडाळून तिनं मांडीवर धरून आणला होता. "मावशी, कोकरू हाय का काय? अर्धं तिकीट पडंल," असं कंडक्टर म्हणाला, तेव्हा सगळी गाडी हसली. मंगलला हसण्याइतकंही त्राण नव्हतं. आता लेकीच्या टेबलावर जुना आणि नवा असे दोन सीपीयू शेजारी शेजारी होते आणि दोघांत मिळून स्क्रीन एकच.

मंगलच्या बापाचा जन्म मेंढरांमागं गेला. ती टायपिंग शिकायला निघाली तेव्हा तो म्हणाला होता, "बोटं बडवून कुणाचं पोट भरलंय?" तिचं भरलं. नवरा फलटणला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, महिन्यातून दोनदा घरी. मधल्या सगळ्या दिवसांचा संसार तिनं खताच्या दुकानावरच्या माडीत, टायपिंग क्लास चालवून केला. बावीस वर्षं. आधी खडखडणारी मशिनं होती, मग कॉम्प्युटर आले, एकूण सहा. पाच तयार घेतलेले, विंडोज आतच असलेले. सहावा, क्लासचा मुख्य, तिनं सुटे भाग जोडून घेतला आणि त्यासाठी विंडोजचं लायसन वेगळं, डबीतलं घेतलं. "मॅडम, चोरीचं टाकून देतो, कोण बघतंय?" असं चार जणांनी सांगूनही घेतलं. डबीतलं पंचवीस अक्षरी नंबराचं कार्ड क्लासमधल्या देवापुढं ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी अंकिताचं लग्न झालं. भांडीकुंडी सगळेच देतात. मंगलनं आंदणात तो मुख्य कॉम्प्युटर दिला आणि क्लासमध्ये एक जुनाट कॉम्प्युटर जोडून दिवस काढले. गेल्या आठवड्यात तो कायमचा बसला. नवाही सुटे भाग जोडून घेतला, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं: विंडोज सक्रिय करा. आणि सोमवारी तपासणी समिती येणार होती. सहाच्या सहा कॉम्प्युटरना खरं लायसन हवं, नाहीतर क्लासची मान्यता रद्द.

"मग कार्डावरचा नंबर टाक की," अंकिता म्हणाली. "मला कशाला मधी घेतीस?"

"नंबर ऱ्हायलाय कुठं? सात खंडेनवम्या झाल्या त्याला. दर वर्साला हळद, कुकू, मग वल्लं फडकं. पंचवीसातली नऊ अक्षरं दिसत्यात."

"लायसनची पूजा कोण करतं गं?"

"धंद्याचं हत्यार हाय ते! तुझ्या आजानं कातरी पुजली, मी कार्ड पुजलं."

अंकिताला हसू आलं, ते तिनं गिळलं. जुन्या विंडोजवरून नव्यावर जाताना ते लायसन तिनंच स्वतःच्या ईमेलला जोडलं होतं. म्हणजे आता वाट एकच होती, ती तिच्या पासवर्डातून जाणारी.

"दोन्हीकडं चालव की मग."

"चालत न्हाई. दुकानदार म्हणला, डबीतलं लायसन दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं, पर आधी पयल्यावरनं काढायचं. आजा खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा ते आठवतंय का? कळप एका रानातनं उठला की मगच दुसऱ्या रानात बसतो. एकाच राती दोन रानांत लेंड्या पडत न्हाईत."

"आन माझं रान?"

मंगल घोंगड्याची घडी घालू लागली.

"सांग की. हॉस्पिटलचा प्रोग्राम खऱ्या विंडोजबिगर उघडत न्हाई. डॉक्टरांचे रिपोर्ट टाईप करते म्हणून दिवसातलं चार तास हितं कोण मला हाक मारत न्हाई. तेवढंच माझं हाय."

"मला कळत न्हाई व्हय?"

"कळतंय आन तरी आलीस."

तेवढ्यात हरणाबाई, अंकिताच्या सासूबाई, चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "घ्या विहीणबाई. आमच्यात लेकीला दिलेली सुपारीबी परत घेत न्हाईत. तुमच्यात रीत येगळी आसंल."

"आमच्यातबी घेत न्हाईत, आवं. म्हणून तर मान वर हुईना झालीया."

हरणाबाईंना असं उत्तर अपेक्षित नव्हतं. त्या पदर सारखा करत आत गेल्या. मंगल शेवटी खुर्चीत बसली, सगळं अंग सोडून.

"एकोणीस पोरी बसल्यात गं परीक्षेला. मान्यता गेली तर त्यांचं वरीस जातंय. माझं तर सगळंच."

"नवीन लायसन घे."

"सगळं पैसं ह्या नव्या डबड्यात गेलं. थकले मी, अंकिता. भांडायलाबी जोर न्हाई ऱ्हायला."

अंकितानं आईकडं पाहिलं. पांढऱ्या बटा, बोटांची सुजलेली पेरं. मग काही न बोलता तिनं जुना कॉम्प्युटर सुरू केला, कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली, एक ओळ टाईप केली. टाईप करताना पाठ ताठ, नजर स्क्रीनवर, जसं मंगलनंच शिकवलं होतं. लायसन निघालं. कोपऱ्यात फिकट अक्षरं आली.

स्क्रीनची वायर तिनं काढून नव्याला लावली. ईमेल, पासवर्ड, मोबाईलवर आलेला कोड. 'नुकतंच हार्डवेअर बदललं' यावर बोट. मग यादी, आणि यादीत मंगलनंच कधीतरी ठेवलेलं जुन्या कॉम्प्युटरचं नाव: मेन. अंकितानं त्याच्यावर खूण केली. गोल फिरत राहिला. चहावर साय धरली.

"झालं," अंकिता म्हणाली.

मंगलनं डोळे मिटले. दुकानदारानं आणखीही सांगितलं होतं, ते तिनं लेकीला सांगितलं नव्हतं: हे सारखं हिकडून तिकडं करू नका, मॅडम, एक दिवस बसायचंच न्हाई. आणि समिती वर्षभरात न सांगता कधीही पुन्हा येऊ शकते, असं पत्रातच लिहिलं होतं.

तिनं उठून सीपीयू घोंगड्यात गुंडाळला, गाठ मारली.

"हॉस्पिटलला दोन दिवस आजारी हाय म्हणून सांगते," अंकिता म्हणाली. "सोमवारी तपासणी. म्हंजी मंगळवारच्या पयल्या गाडीनं आणून देशील न्हवं?"

मंगलनं गाठोडं खांद्यावर घेतलं.

"आई? मंगळवारी देशील न्हवं?"

मंगलनं चपला पायात सरकवल्या आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत, जिना उतरू लागली.